शंभर वॅटचे स्पीकर तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरने का जळतात?

नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वेगाडी पांढुर्णा सोडून पुढे निघाली की सातपुड्याचा घाट लागण्यापूर्वी तिगाव येते. गाव मध्य प्रदेशातले. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्याचा कारभार हिंदीत चालतो; पण या पट्ट्यातील घरांत बोलली जाते ती मराठी, आणि ओसरीवर संध्याकाळी ऐकली जातात ती नाट्यपदे आणि अभंग. माझे मूळ गाव हेच. नोकरीच्या निमित्ताने गोव्यात येऊन बरीच वर्षे झाली, तरी उन्हाळ्यात तिकडे एक फेरी होतेच.

गेल्या फेरीत काकांनी मला पाणी देण्याआधी स्पीकरसमोर बसवले. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी हौसेने स्टीरिओचा संच घेतला होता. स्पीकर वाजत होते. पण मंगेशीच्या अभिषेकीबुवांचा आवाज जणू घोंगडीआडून येत होता. तंबोऱ्याची जवारी नाही, तबल्याच्या चाटेची धार नाही. प्रत्येक पेटीत उंच स्वरांसाठी जो लहान स्पीकर असतो, ज्याला ट्विटर म्हणतात, तो दोन्हीकडे जळला होता. नातवाच्या बारशाला संच ओसरीवर मांडून अंगणातल्या पाहुण्यांसाठी रात्रभर वाजवला गेला, त्या रात्रीचा हा परिणाम.

काकांना जळाल्याचे दुःख होते, त्याहून अधिक कोडे होते. दुकानदाराने सांगितले होते, “स्पीकर शंभर वॅटचे आहेत, ॲम्प्लिफायर तीसचा, डोळे मिटून वाजवा.” काका मला म्हणाले, “शंभर पोत्यांची ट्रॉली. तिच्यात तीसच पोती टाकली. तरी पाटा मोडला. हे कसं काय, बाबू?”

हा प्रश्न तिगावपुरता नाही. पणजीतील सदनिकेत संच घेणाऱ्यालाही हाच हिशेब ऐकवला जातो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. तो चुकतो कोठे, हे समजून घेतले तर पैसे वाचतात, स्पीकर वाचतात आणि कानही.

वॅट हे आवाजाचे माप नव्हे

ॲम्प्लिफायर स्पीकरला वीज पुरवतो. वॅट हे त्या विजेचे माप. स्पीकर त्या विजेचे ध्वनीत रूपांतर करतो, आणि या कामात तो विलक्षण उधळ्या असतो. घरगुती लहान पेटीला दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाव टक्का ध्वनी होतो. उरलेली जवळजवळ सगळी वीज पेटीतील तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. म्हणून स्पीकरवर छापलेले ‘शंभर वॅट’ हे तो किती मोठ्याने वाजेल ते सांगत नाही. एवढी उष्णता तो, ठरावीक परिस्थितीत, सोसू शकेल इतकेच ते सांगते.

स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला संवेदनशीलता म्हणतात. स्पीकरला एक वॅट वीज देऊन समोर एक मीटर अंतरावर ध्वनीची पातळी मोजायची. जो आकडा येईल ती त्याची संवेदनशीलता. घरगुती लहान पेट्यांत तो साधारण ८४ ते ८८ डेसिबल असतो, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या पेट्यांत ९० च्या आसपास. फरक किरकोळ दिसतो. पण डेसिबलची शिडी सरळ नाही. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात आणि दहा डेसिबल वाढवायला दहापट. शिवाय दहा डेसिबल वाढले तरी कानाला आवाज दुप्पटच झाल्यासारखा वाटतो. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर दहा वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला चाळीस वॅट लागतात.

येथे एक लहानशी पाचर आहे. बरेच उत्पादक एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजलेला आकडा छापतात. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे नेमका एक वॅट. पण चार ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की दोन वॅट जातात. त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरचा आकडा तीन डेसिबलने अधिक चांगला दिसतो. तुलना करताना तेवढे वजा करावे.

देवळाचा भोंगा आणि घरातली पेटी

काकांना हे पटवायला मी देवळाच्या भोंग्याकडे बोट दाखवले. भोंग्याच्या मागे असलेले मशीन बहुधा पंचवीस-तीस वॅटचे असते, आणि तरी काकडआरती शिवारापर्यंत ऐकू येते. घरातली ‘शंभर वॅट’ पेटी मात्र अंगणाच्या टोकाला पोहोचत नाही. कारण संवेदनशीलता. भोंग्याची संवेदनशीलता शंभर डेसिबलच्या बरीच वर असते. भोंगा १०६ चा धरला आणि पेटी ८६ ची, तर अंतर वीस डेसिबलचे, म्हणजे वॅटच्या भाषेत शंभरपट. भोंग्याला एक वॅट दिला की जो आवाज होईल, त्यासाठी पेटीला शंभर वॅट पाजावे लागतील.

मग सगळ्यांनी घरात भोंगेच का लावू नयेत? कारण भोंग्यातून पखवाजाचा खर्ज येत नाही. अमेरिकी अभियंता जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम या धंद्यात लोहनियम मानला जातो: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीचा लहान स्पीकर बाजारात आणला. त्यातून लहान आकारात खोल खर्ज मिळू लागला. किंमत चुकवावी लागली ती संवेदनशीलतेत. तेव्हापासून पेट्या लहान होत गेल्या आणि ॲम्प्लिफायरचे वॅट वाढत गेले. आमच्या आजोबांच्या पिढीतला व्हॉल्व्हचा रेडिओ तीन-चार वॅटमध्ये सगळे घर भरत असे. त्याची लाकडी पेटी मोठी, मागून उघडी, आणि कागदी शंकू हलका असे. खोल खर्ज त्यात नव्हता. पण बातम्या शेजारच्या घरात ऐकू जात.

एका खोलीचा हिशेब

आता एखाद्या दिवाणखान्याचा हिशेब मांडू. स्पीकर ८६ डेसिबलचे, दोन. दोन्ही एकत्र वाजले की तीन डेसिबल वाढतात, म्हणजे ८९. ऐकणारा तीन मीटरवर बसला आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल घटतात, त्या मापाने तीन मीटरवर साडेनऊ घटतील. पण खोलीच्या भिंती काही ध्वनी परत देतात, तेव्हा सहा वजा करू. उत्तर आले ८३. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एकच वॅट दिला तर खुर्चीपाशी ८३ डेसिबल आवाज होतो. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. घरात रंगून ऐकायला सरासरी ७५ ते ८० पुरे होतात. मग एका वॅटातच काम भागले की!

भागले नाही, कारण संगीत सरासरीवर जगत नाही. तंबोरा एकसारखा झंकारत असतो, त्याची शिखरे सरासरीच्या फार वर जात नाहीत. तबल्याची थाप मात्र क्षणात उसळते आणि विरते. चांगल्या ध्वनिमुद्रणात अशी शिखरे सरासरीपेक्षा १५ ते १८ डेसिबलने उंच असतात. म्हणजे क्षणभर तीसपट ते साठपट वीज लागते. सरासरी ७८ ची असेल तर शिखर ९३ ते ९६ वर जाईल आणि त्या क्षणी दहा ते वीस वॅट लागतील. शिखर १०० वर न्यायचे तर पन्नास वॅट, १०३ वर शंभर, १०६ वर दोनशे. पायऱ्या तीन-तीन डेसिबलच्या, पण प्रत्येक पायरीला वीज दुप्पट.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सामान्य दिवाणखान्यात समंजसपणे ऐकणाऱ्याला वीस-तीस खरे वॅट पुरतात. दुसरी, तीसचा ॲम्प्लिफायर काढून चाळीसचा घेतल्याने कानाला फारसे काही कळत नाही. तो फरक सव्वा डेसिबलचाच आहे. विक्रेते ज्या दहा-वीस वॅटसाठी हजारो रुपये अधिक मागतात, त्यांची किंमत कानाच्या हिशेबात नगण्य असते.

आता काकांचे बारसे. ओसरी आणि अंगण उघडे, भिंतींची मदत नाही. पाहुणे पाच मीटरवर आणि त्याहून दूर. पाच मीटरवर १४ डेसिबल घटतात. ८९ चे ७५ उरले. गर्दीच्या गलक्यावर संगीत ऐकू यावे म्हणून सरासरी ८५ हवी, म्हणजे शिखर १०० चे. पंचवीस डेसिबलची तूट, म्हणजे प्रत्येक स्पीकरला सुमारे तीनशे वॅट. हाताशी होते तीस. त्या रात्री संचाकडे मागणी दहापट होती, आणि ती पुरवण्यासाठी कोणीतरी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते.

शिखर छाटले जाते तेव्हा

ॲम्प्लिफायरच्या आत विजेच्या दाबाची एक कमाल मर्यादा असते. आठ ओहमच्या स्पीकरला तीस वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरची ही मर्यादा सुमारे २२ व्होल्ट असते. संगीताच्या लहरीचे शिखर तीसच्या वर मागू लागले, तरी तो बाविसाच्या पुढे जाऊ शकत नाही. शिखर सपाट कापले जाते. डोंगराचा माथा कापून पठार करावे तसे. याला तंत्रज्ञ क्लिपिंग म्हणतात. आवाज चिरका, खरखरीत येऊ लागतो.

येथेच काकांच्या कोड्याची उकल आहे. ‘तीस वॅट’ हे गोलाईदार, न कापलेल्या लहरीचे माप. तीच लहर पूर्ण छाटून चौकोनी झाली की तोच ॲम्प्लिफायर साठ वॅटपर्यंत वीज देऊ लागतो. एवढ्यानेही शंभर वॅटची पेटी जळायला नको, असे कोणी म्हणेल. पण पेटीचे शंभर वॅट हे सगळ्या पेटीचे आहेत. त्यांतला मोठा वाटा खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा. ट्विटरची तार केसासारखी बारीक. तो स्वतः सलग पाच-दहा वॅटच सोसतो. एरवी त्याला तेवढेही मिळत नाहीत, कारण संगीतातली बरीचशी ऊर्जा खर्जात आणि मध्यसप्तकात असते, तारेकडे तिचा लहानसा अंश जातो.

बटण आणखी दहा डेसिबलने वर नेले की काय होते ते पाहू. खर्जाची शिखरे आधीच मर्यादेला टेकलेली, ती छाटली जातात. वाढू शकत नाहीत. उंच स्वर मात्र लहान असतात, त्यांना वाढायला जागा असते, आणि ते दहापट होतात. भरीस भर म्हणून छाटलेल्या कडांतून नवे, मूळ संगीतात नसलेले उंच स्वर जन्माला येतात. तेही ट्विटरच्याच वाट्याला. त्यात कोणी ‘ट्रेबल’चे बटण पूर्ण फिरवले असेल तर वरच्या टोकाला आणखी दहा डेसिबल, म्हणजे पुन्हा दहापट. दहा गुणिले दहा, शंभर. ज्या ट्विटरला एरवी वॅटचा दहावा हिस्सा मिळायचा त्याच्यावर दहा वॅट कोसळतात, आणि तेही तबल्यासारखे क्षणभर नव्हे, सलग दोन-तीन तास.

म्हणून काकांना मी म्हणालो, “पोती तीसच होती, पण सगळी एका कोपऱ्यात रचली होती. मोडला तो त्या कोपऱ्यातला पाटा.” त्यांनी मान डोलावली; पण लगेच विचारले, “मग मोठी मशीन वाईट नाही?” नाही. हाच या विषयातला उफराटा भाग आहे. मर्यादेच्या आत, स्वच्छ वाजणारा साठ वॅटचा ॲम्प्लिफायर हा मर्यादेबाहेर ओरडणाऱ्या तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरपेक्षा ट्विटरला कमी धोक्याचा असतो.

मोठ्या ॲम्प्लिफायरचे धोके वेगळे. संच चालू असताना तार काढली, माईक हातातून पडला, नातवाने बटण फिरवले, तर तो एका झटक्यात भरमसाट वीज ओततो. खर्जाचे बटण पूर्ण फिरवून ढोलताशा लावला तर मोठ्या स्पीकरचा शंकू आपल्या मर्यादेबाहेर धावतो आणि आतून खट्‌ खट्‌ असा आवाज येतो. पेटीला हवेसाठी भोक असेल तर अगदी खोल स्वरांना शंकूवर हवेचा लगाम राहत नाही. तेथे हे लवकर घडते. छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्विटर जळतो, मोठ्यामध्ये शंकू फाटतो. दोन्हींत दोष हाताचा असतो.

वीज कमी, वॅट कमी

तिगावच्या हिशेबात आणखी एक आकडा होता, जो कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. मी संध्याकाळी साडेसातला भिंतीतल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. २३० ऐवजी १९० व्होल्ट. गावोगावी दिवेलागणीला हे घडते. जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या साध्या ॲम्प्लिफायरमध्ये आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर उतरतो, आणि वॅट दाबाच्या वर्गाने घटतात. दाब सतरा टक्क्यांनी उतरला की वॅट बत्तीस टक्क्यांनी. तीसचा ॲम्प्लिफायर बारशाच्या रात्री फार तर वीसचा होता. शिखरे आणखी लवकर छाटली जात होती.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. तिचा प्रभावी दाब २३० च असतो. पण घरच्या विजेच्या लहरीचे शिखर ३२५ व्होल्टवर जाते, तर चौकोनी लहरीचे शिखर २३० च्या आसपासच राहते. साध्या ॲम्प्लिफायरची आतली टाकी शिखराने भरते. परिणामी तोच ॲम्प्लिफायर इन्व्हर्टरवर जवळजवळ निम्म्या वॅटचा होतो. स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असलेले नवे ॲम्प्लिफायर यातून बरेचसे सुटतात.

उन्हाळाही याच खात्यात मोडतो. विदर्भाला लागून असलेल्या या मुलखात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. स्पीकरची तांब्याची तार जसजशी तापते तसतसा तिचा विरोध वाढतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. तार दीडशे अंशांनी तापली तर विरोध दीडपटीहून अधिक होतो, वीज कमी शिरते, आवाज काही डेसिबलने बसतो. ऐकणाऱ्याला वाटते आवाज कमी झाला. तो बटण आणखी पुढे नेतो. तार आणखी तापते. लांबलेल्या कार्यक्रमात स्पीकर बहुधा या चक्रातच दगावतात.

ओहमकडे दुर्लक्ष नको

वॅटच्या जुळणीइतकीच ओहमची जुळणी महत्त्वाची. स्पीकर जेवढ्या कमी ओहमचा, तेवढी तो ॲम्प्लिफायरकडून अधिक वीज ओढतो. आठ ओहमचा स्पीकर म्हणजे सर्व स्वरांना आठच ओहम नव्हे. काही स्वरांना विरोध त्याहून खाली उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो छापील आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आठच्या स्पीकरला ६.४ च्या खाली नाही. बाजारातील सगळेच स्पीकर हे पाळत नाहीत.

घरोघरी होणारी चूक अशी: दिवाणखान्यात एक जोडी आहे, गॅलरीत आणखी एक जोडी त्याच तारांना जोडली. आठ आणि आठ असे समांतर जोडले की चार ओहम होतात. ॲम्प्लिफायर चार ओहमला चालणारा असेल तर ठीक. पण चार आणि चार जोडले तर दोन ओहम; घरगुती ॲम्प्लिफायर तेथे तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो. मागच्या बाजूला जोडणीच्या खुंट्यांपाशी किमान किती ओहम चालतील ते छापलेले असते. खरेदीपूर्वी एवढे तरी वाचावे.

तारेचा बाऊ मात्र करू नये. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटरपर्यंत उत्तम चालते. जाऊन-येऊन तिचा विरोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो. गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तारेच्या किमतीपेक्षा तिच्या टोकांकडे लक्ष द्यावे. खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. वर्षातून एकदा टोके कापून नवी सोलावीत.

खोक्यावरचे आकडे

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ नावाचे हजार-दोन हजार वॅट छापलेले असत. ते आकडे कोणत्याही मानकात बसत नाहीत. क्षणाच्या काही अंशापुरते, सगळे स्पीकर एकत्र मोजून, मनाला येईल तसे फुगवलेले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजावेत व जाहिरातीत कसे सांगावेत याचा नियम १९७४ मध्येच केला, तो याच फुगवटीला आळा घालण्यासाठी. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच सावध राहावे. ‘आरएमएस’ किंवा ‘सतत’ असे लिहिलेला, किती ओहमला, दोन्ही बाजू एकदम वाजताना आणि किती विकृतीवर मोजला आहे हे सांगणारा आकडाच खरा. ‘दहा टक्के विकृतीवर’ असे बारीक अक्षरांत असेल तर तो आकडा लहरीचे माथे छाटून मिळवलेला आहे असे समजावे.

सोपी कसोटीही आहे. यंत्रातून बाहेर येणारी वीज आत जाणाऱ्या विजेपेक्षा सतत अधिक असू शकत नाही. लहान ॲम्प्लिफायरसोबत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर मिळाला असेल, तर आत जातात २४ वॅट. बाहेर ‘दोनशे वॅट’ येणे अशक्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तयार सर्किट घेऊन ॲम्प्लिफायर जुळवणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू. तेथे वर्षानुवर्षे विकली जाणारी ‘२०३०’ ही आय.सी. चार ओहमला चौदा-पंधरा वॅटच देते, पाटीवर काहीही लिहिलेले असो.

निवड कशी करावी

खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी खोली आणि बसण्याचे अंतर, मग स्पीकर, आणि शेवटी ॲम्प्लिफायर. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन-अडीच मीटरवर बसून ऐकणाऱ्याला ८६ ते ८८ डेसिबलचे स्पीकर आणि तीस-चाळीस खरे वॅट पुरतात. मोठ्या, उंच छताच्या जुन्या गोमंतकीय घरात, जेथे बसायला चार-पाच मीटर दूर जावे लागते, तेथे आधी ९० डेसिबलचे स्पीकर शोधावेत. मग साठ-सत्तर वॅट. आकडे समोर ठेवायचे तर प्रचलित ठोकताळा असा: ॲम्प्लिफायरचे सतत वॅट स्पीकरच्या सतत क्षमतेच्या एक ते दीडपट, फार तर दुप्पट. लहान असला तरी चालतो. मात्र तो जेथे चिरकू लागतो तेथे हात थांबला पाहिजे.

आवाजाच्या बटणावरही विसंबू नये. ते अर्ध्यावर आहे म्हणजे अर्धे वॅट वापरले जात आहेत, असे नाही. सीडी प्लेअरसारख्या दोन व्होल्ट देणाऱ्या यंत्राला कित्येक ॲम्प्लिफायर अर्ध्यावरच पूर्ण ताकद लावतात. मोबाइलवरून वाजवताना तीच ताकद बटण बऱ्याच पुढे नेल्यावर येते. बटण कोठे आहे यापेक्षा आवाज कसा आहे याकडे लक्ष द्यावे. मोठे होताना गायकाचे ‘स’ टोचू लागले, तबला बोथट झाला, की मर्यादा आली.

आणि कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित. त्याहून वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. शेजाऱ्यांसाठी कायदाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. किनारपट्टीवरच्या पार्ट्यांमुळे हे आकडे गोव्यात सर्वांना पाठ झाले आहेत. आपल्या दिवाणखान्याची भिंत शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीशी सामाईक असेल, तर शंभर वॅट वापरायचे कोठे हा प्रश्न आधी पडावा.

काकांनी नवा ॲम्प्लिफायर घेतला नाही. त्याच ओहमचे, त्याच जातीचे दोन ट्विटर नागपूरहून आणले आणि मी ते बसवून दिले. पेटीतला खर्ज अडवणारा कपॅसिटर तपासला, तो शाबूत होता. स्पीकर ओसरीवरून आत नेले. काकांची खुर्ची पाच मीटरवरून अडीच मीटरवर आणली. त्यामुळे सहा डेसिबल फुकट मिळाले, म्हणजे चौपट वॅट. ट्रेबल आणि बास मध्यावर आणले. एक स्टॅबिलायझर लावला. मग आवाज हळूहळू वाढवत, जेथे पहिली खरखर आली तेथून थोडे मागे येऊन काकूंच्या नखपॉलिशने बटणावर लाल ठिपका काढला.

“अन् पुढच्या कार्यक्रमाला?” काकांनी विचारले.

“मंडपवाल्याचा संच भाड्याने आणा. अंगण हे घरच्या पेटीचे काम नाही.”

संध्याकाळी अभिषेकीबुवा पुन्हा लावले. तंबोऱ्याची जवारी ऐकू आली. बटण ठिपक्यापासून बरेच अलीकडे होते.